ओल्ड वॉर्डन : उडती राखलेली विमाने

इंग्लंडातल्या बेडफर्डशायर परगण्यात ओल्ड वॉर्डन नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर एक धावपट्टी आहे, तीही गवताची. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी लोक तिकीट काढून इथे येतात. कडेला जुन्या मोटारींच्या रांगा लागतात आणि वर आकाशात आजोबा-पणजोबांच्या काळातली विमाने उडतात. वारा अगदी पडलेला असेल, तर दिवसाच्या शेवटी १९०९ सालचे एक विमान हँगरमधून बाहेर काढतात. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, सगळीकडून ताणलेल्या तारा आणि पुढे तीन सिलिंडरचे, सुमारे २५ अश्वशक्तीचे इंजिन. आजच्या मोटारसायकलीलाही याहून दणकट इंजिन असते. हे विमान जमिनीपासून थोडेसे उचलते, सरळ रेषेत काही अंतर जाते आणि पुन्हा गवतावर टेकते. तेवढ्यासाठी लोक उन्हे उतरेपर्यंत थांबलेले असतात.

हा संग्रह आणि भोवतालची इस्टेट एका धर्मादाय न्यासाची आहे. न्यास एका आईने स्थापन केला, मुलगा विमान अपघातात गेल्यानंतर. जुन्या यंत्रांची संग्रहालये जगात पुष्कळ आहेत. ओल्ड वॉर्डनचा हट्ट असा की इथली यंत्रे चालती राहिली पाहिजेत. या हट्टाची किंमत पैशांत मोजावी लागते, माणसांच्या कसबात मोजावी लागते आणि कधी प्राणांनीही चुकवावी लागते. ती किंमत कोणी, का मोजली आणि ती मोजणे योग्य आहे का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मळणीयंत्राचा पैसा

शटलवर्थ घराण्याचा पैसा शेतीच्या यंत्रांतून आला. लिंकन शहरात १८४२ साली सुरू झालेली क्लेटन अँड शटलवर्थ ही कंपनी वाफेची इंजिने आणि मळणीयंत्रे बनवी. तिच्या संस्थापकांपैकी जोसेफ शटलवर्थ यांनी १८७२ मध्ये ओल्ड वॉर्डनची इस्टेट विकत घेतली. त्यांचे चिरंजीव कर्नल फ्रँक यांनी उतारवयाकडे झुकल्यावर, १९०२ साली, गावच्या धर्मगुरूंच्या मुलीशी लग्न केले. तिचे नाव डोरोथी क्लोटिल्डा. या दांपत्याचा एकुलता मुलगा रिचर्ड १९०९ च्या जुलैत जन्मला.

त्याच महिन्यात, २५ जुलैला, लुई ब्लेरिओ हा फ्रेंच माणूस स्वतः बांधलेल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला उतरला. रिचर्डच्या हयातीत विमानाची जात त्याच्याच वयाने वाढत गेली. तो जेमतेम चार वर्षांचा असताना वडील वारले. पाठोपाठ पहिले महायुद्ध आले आणि लिंकनच्या कारखान्यातून मळणीयंत्रांबरोबर सॉपविथ कंपनीच्या आराखड्यावरची लढाऊ विमानेही बाहेर पडू लागली.

रिचर्ड ईटनमध्ये शिकला, काही काळ सैन्यात होता. पण त्याचा खरा ओढा यंत्रांकडे. १९२८ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने १८९८ सालची एक पॅनार लेव्हासोर मोटार मिळवली. तीस वर्षांची जुनी मोटार म्हणजे त्या काळी निव्वळ भंगार. मात्र इंग्लंडात त्याच सुमारास एक नवी हौस रुजत होती. १८९६ पर्यंत तिथे यांत्रिक वाहनापुढे एका माणसाने चालत जाण्याची सक्ती होती. त्या वर्षीच्या कायद्याने ती सक्ती गेली आणि वेगाची मर्यादा ताशी चार मैलांवरून चौदा मैलांवर आली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ ला लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची फेरी निघाली होती. १९२७ मध्ये तिची आठवण म्हणून जुन्या मोटारींची फेरी पुन्हा सुरू झाली, आणि १९०५ पूर्वीच्या मोटारींना तिच्यात मान मिळू लागला. जुनी मोटार घरात नुसती ठेवून भागत नसे. ब्रायटनपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर पोचली पाहिजे, हा त्या फेरीचा पणच होता. रिचर्ड या परंपरेत वाढला आणि तोच पण त्याने पुढे विमानांना लावला.

मोटारींच्या शर्यतीतही तो कच्चा नव्हता. ऑक्टोबर १९३५ मध्ये डोनिंग्टन येथील पहिली ग्रां प्री त्याने अल्फा रोमिओतून जिंकली. पुढच्याच जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या शर्यतीत त्याला भीषण अपघात झाला आणि त्याची शर्यतीची कारकीर्द जवळजवळ तिथेच थांबली.

भंगारातले ब्लेरिओ

१९३२ साली रिचर्डने एक डी हॅविलंड मॉथ विकत घेतले. १९२८ च्या बांधणीचे हे दोन पंखी विमान. ते त्या वर्षी ओल्ड वॉर्डनला आले, ते आजही तिथेच आहे आणि उडते.

पण संग्रहाची खरी सुरुवात १९३५ मध्ये झाली, असे म्हटले पाहिजे. ब्लेरिओच्या नमुन्याचे एक विमान लंडनजवळच्या हेंडन येथील उड्डाणशाळेत विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरत. १९१२ मध्ये ते आपटले. मग ब्लॅकफ्रायर्स येथील रेल्वेपुलाच्या कमानीखाली अडगळीत जाऊन पडले. तिथून ए. ई. ग्रिमर नावाच्या हौशी गृहस्थाने ते उचलले, नीट केले आणि त्यावर स्वतः उडायला शिकला. पुढे त्याच्याकडून ते रिचर्डकडे आले. १९१० सालचे डेपरड्युसिन हे दुसरे फ्रेंच विमानही ग्रिमरकडूनच आले. ब्लॅकबर्न कंपनीचे १९१२ चे एक विमान रिचर्डने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मिळवले. उडू शकणाऱ्या ब्रिटिश बनावटीच्या विमानांत सर्वांत जुने ते हेच.

१९३५ साली ब्लेरिओ अवघ्या २६ वर्षांचे होते. आज कोणी २६ वर्षांपूर्वीचा संगणक माळ्यावरून काढून दुरुस्त करू लागला, तर घरची माणसे त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतील त्याच नजरेने तेव्हा अशा विमानाकडे पाहिले जात असणार. एखादी वस्तू ‘ऐतिहासिक’ ठरण्याआधी तिच्या आयुष्यात अडगळीचा एक काळ येतो. बहुतेक वस्तू त्या काळातच नाहीशा होतात. जी उरते ती ग्रिमर आणि रिचर्ड यांच्यासारख्या, लोक हसतील याची पर्वा नसलेल्या माणसांमुळे.

दिल्लीची शर्यत

या कथेचा एक धागा भारतात येतो. फेब्रुवारी १९३३ मध्ये दिल्लीला व्हाइसरॉय चषकाची हवाई शर्यत होती. तिच्यासाठी रिचर्ड आणि त्याचा मित्र जॉर्ज स्टीड हे दोघे कॉम्पर स्विफ्ट जातीची दोन चिमुकली विमाने उडवत इंग्लंडहून हिंदुस्थानात आले. स्विफ्ट म्हणजे एका माणसापुरते, जेमतेम ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे विमान. त्याच शर्यतीत तिसरे स्विफ्ट होते सिल्चरच्या आल्बन अली या चहामळेवाल्याचे. लाल रंगाच्या त्या विमानाचे नाव ‘स्कार्लेट एंजल’ आणि भारतीय नोंदणीचा क्रमांक व्हीटी-एडीओ. अलींनी ते त्याच वर्षी उडवत इंग्लंडला नेले. पुढे मालक बदलत बदलत ते विमान ओल्ड वॉर्डनच्या संग्रहात आले.

या नोंदणी क्रमांकाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. व्हीटी-एडीओच्या लगेच आधीचा क्रमांक व्हीटी-एडीएन. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते याच क्रमांकाच्या पस मॉथमधून. भारतीय नागरी विमानसेवेची सुरुवात आपण त्या दिवसापासून धरतो. म्हणजे भारताच्या नोंदवहीत एकाखाली एक नावे लागलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक आज इंग्लंडातल्या गवतावरून उडते. जुहूच्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केले; त्यासाठी त्याच डी हॅविलंड कुळातले लेपर्ड मॉथ वापरले.

भारताशी आणखी दोन गाठी आहेत. संग्रहातले लालबुंद ‘ग्रोव्हनर हाउस’ हे डी हॅविलंड कॉमेट विमान ऑक्टोबर १९३४ ची इंग्लंड ते मेलबर्न शर्यत ७१ तासांच्या आत जिंकले. त्या शर्यतीत थांबण्याच्या सक्तीच्या पाच ठिकाणांपैकी एक अलाहाबाद होते. बगदादहून निघालेले हे विमान मध्ये कुठेही न टेकता थेट तिथे उतरले होते. आणि हॉकर हाइंड हे लढाऊ विमान तर वायव्येकडच्या आपल्या शेजाऱ्याकडून आले. १९३८ मध्ये अफगाणिस्तानला दिलेले हे विमान तिथल्या हवाई दलाने पुढे संग्रहाला भेट दिले. १९७० साली ते ट्रकवर लादून काबूलहून सुमारे ६००० मैलांचा खुष्कीचा प्रवास करून ओल्ड वॉर्डनला आणले गेले. ते पुन्हा उडायला १९८१ उजाडले.

आईचा निर्णय

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर रिचर्ड हवाई दलाच्या राखीव तुकडीत दाखल झाला. २ ऑगस्ट १९४० च्या रात्री सरावाच्या उड्डाणात त्याचे फेअरी बॅटल विमान ऑक्सफर्डशायरमधल्या एका टेकडीवर आदळले. तो ३१ वर्षांचा होता. ब्रिटनची हवाई लढाई ऐन भरात होती आणि अशा बातम्या रोज घरोघर येत होत्या.

डोरोथी शटलवर्थ आता एकट्या राहिल्या. पती जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. घराण्याचा वारस गेला होता. हवेलीत युद्धकाळात रेड क्रॉसचे शुश्रूषागृह होते, तिथे जखमी वैमानिक येऊन राहत. १९४४ मध्ये, युद्ध संपायच्या आधीच, त्यांनी मुलाच्या नावाने न्यास केला आणि सगळी इस्टेट त्याच्या स्वाधीन केली. उद्देशांत दोन विषय ठळक होते : विमानविद्येचे शिक्षण आणि शेतीचे शिक्षण. १९४६ पासून इस्टेटीवर कृषी महाविद्यालय सुरू झाले.

या उद्देशांचे मोल सहज ध्यानात येत नाही. ज्या यंत्राने मुलगा नेला, त्याच यंत्राची विद्या पुढे चालावी म्हणून घरदार देणे हा साधा निर्णय नव्हे. पुतळा, चर्चमधली शिळा, नावाची खिडकी असे त्या काळचे रूढ मार्ग मोकळे होते. डोरोथीबाईंनी स्मारक म्हणून शिकवण निवडली. शेतीचा पैसा शेतीकडे परत गेला, मुलाचा छंद लोकांच्या स्वाधीन झाला. एल. ए. जॅक्सन हा रिचर्डचा तंत्रज्ञ न्यासासाठी काम करत राहिला आणि शेडमध्ये पडलेली विमाने एकेक करून उडती करत गेला. ब्लॅकबर्न विमान रिचर्डला कधी उडताना पाहता आले नाही. ते उडाले युद्धानंतर. १९६३ मध्ये संग्रह लोकांसाठी खुला झाला. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, डोरोथीबाई वारल्या.

कसब कुठे साठवतात?

विमान छताला टांगून ठेवले तर ते अधिक सुरक्षित राहील, हे उघड आहे. एमी जॉन्सन १९३० मध्ये ज्या मॉथमधून एकटी ऑस्ट्रेलियाला गेली, ते ‘जेसन’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये असेच टांगलेले आहे, आणि त्यात गैर काही नाही. मूळ वस्तू जशीच्या तशी राखणे हे संग्रहालयाचे कामच आहे. मग उडवायचे कशाला?

याचे उत्तर इंजिनात सापडते. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांना फिरते इंजिन असे. त्यात मधला दांडा विमानाला पक्का जखडलेला, आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरत. वंगणाला एरंडेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वापरलेले एरंडेल परत टाकीत येत नसे; धुराबरोबर बाहेर पडून ते वैमानिकाच्या चष्म्यावर आणि कपड्यांवर उडे. वेग कमी करायचा तर दांड्यावरची कळ दाबून इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडायची, कळ सोडली की इंजिन पुन्हा गर्जत उठे. एवढे मोठे वजन समोर फिरत असल्यामुळे विमान एका बाजूला चटकन वळे आणि दुसऱ्या बाजूला कुरकुरत वळे. हे सगळे पुस्तकात लिहून ठेवता येते. पण कळ किती वेळ दाबायची आणि आवाजात कुठला फरक पडला की उतरायचे, हे एकाकडून दुसऱ्याच्या हातात जाते. हाती घेणारा कोणी नसला, की एका पिढीत ते कसब संपते.

जुन्या मोटारींशी असलेले नातेही इथे हाताने दिसते. ओल्ड वॉर्डनला हक्स स्टार्टर आहे. फोर्ड मॉडेल टी मोटारीवर एक लांब दांडा चढवलेला असतो आणि साखळीच्या जोरावर तो फिरतो. त्याचे टोक विमानाच्या पंख्याच्या मध्यभागी अडकवायचे. इंजिन पेटले की ते आपोआप सुटते आणि मोटार बाजूला होते. काबूलहून आलेले हाइंड अशा मोटारीने सुरू होताना पाहिले, की मोटार आणि विमान ही एकाच घरातली भावंडे होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

चालत्या यंत्राचे भाग झिजतात, बदलावे लागतात. मग ते ‘मूळ’ राहते का? या वादाला संग्रहातल्या सॉपविथ ट्रायप्लेनने एक मासलेवाईक उत्तर दिले. यॉर्कशायरच्या हौशी कारागिरांनी मूळ आराखड्यांवरून ते नव्याने बांधले. काम पाहून खुद्द टॉमस सॉपविथ यांनी, वयाची शंभरी जवळ आली असताना, ती नक्कल मानायला नकार दिला. आपल्या कारखान्याचेच उशिरा तयार झालेले विमान म्हणून त्याला मान्यता दिली. योगायोग असा की पहिल्या महायुद्धात हीच ट्रायप्लेन विमाने लिंकनमध्ये क्लेटन अँड शटलवर्थनेही बांधली होती.

जोखीम कोणाची?

तरीही दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १ जुलै २०१२ ला ओल्ड वॉर्डनच्या प्रदर्शनाच्या दिवशी संग्रहातले हमिंग बर्ड हे १९२३ च्या बनावटीचे विमान कोसळले आणि वैमानिक दगावला. जुन्या विमानाचा वैमानिक जोखीम जाणून बसतो, असे आपण म्हणू शकतो. पण २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅम येथे जे घडले, तिथे हे समर्थन अपुरे पडते. ते प्रदर्शनही धर्मादायच होते. त्याचे उत्पन्न हवाई दलाच्या माजी सैनिकांच्या संघटनेसाठी होते. कसरत करणारे हॉकर हंटर हे १९५० च्या दशकातले जेट शेजारच्या महामार्गावर आदळले आणि ११ माणसे मेली. सगळी मैदानाबाहेरची. काही बाहेर उभी राहून पाहत होती, काही नुसती आपल्या वाटेने चालली होती. त्यांनी कसलीही जोखीम पत्करली नव्हती. हेतू दानाचा होता म्हणून त्यांच्या मरणाचा भार हलका होत नाही.

त्यानंतर ब्रिटनमधले हवाई प्रदर्शनांचे नियम कडक झाले आणि जुन्या जेट विमानांच्या कसरतींना आळा बसला. तो बसायलाच हवा होता. माझ्या मते ओल्ड वॉर्डनची रीत इथे काही शिकवते. ब्लेरिओ फक्त वारा पडल्यावर काढायचे, सरळ रेषेतच उडवायचे, आणि वारा असेल तर लोकांना निराश करून हँगरचे दार बंद ठेवायचे. यंत्र चालते ठेवण्याच्या हट्टाला असा संयम जोडलेला असेल, तरच त्या हट्टाला नैतिक आधार उरतो. प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी उडवणे वेगळे आणि विद्या हातात राहावी म्हणून उडवणे वेगळे. संग्रह पैशासाठी प्रेक्षकांवर अवलंबून असल्यामुळे ही सीमारेषा रोज नव्याने आखावी लागते.

आपल्याकडे काय उरले, हा प्रश्न शेवटी उरतोच. २०१८ मध्ये एक डाकोटा विमान भारतीय हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि क्रमांक व्हीपी ९०५. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटांची आठवण त्यामागे आहे. ते एका खासगी दात्याने भेट दिले. पण ते दुरुस्त झाले इंग्लंडात आणि तिथून उडत भारतात आले. दाता आपल्याकडे होता, आठवणही आपली होती. विमान उडते करणारे हात मात्र तिकडे शोधावे लागले. आपल्या गॅरेजांतून, कारखान्यांतून आणि फ्लाइंग क्लबांतून असे हात आजही असतील. त्यांच्याजवळचे कसब पुढच्याला देणारी शाळा त्यांच्यामागे नाही. डोरोथी शटलवर्थ यांनी १९४४ मध्ये नेमकी तीच शाळा उभी केली होती, आणि तिच्या धावपट्टीवरून व्हीटी-एडीओ आजही उडते.